मज्जा बदलण्याआधी
मूळपेशींचा विषय निघाला की लोक मला गुडघे, मणका, मधुमेह यांबद्दल विचारतात. मी रक्तविकारतज्ज्ञ, माझं उत्तर गडचिरोलीतल्या भामरागडपासून सुरू होतं. मूळपेशींनी माणूस खरोखर बरा होतो असे आजार मोजके आहेत. त्यांतला सिकलसेल इथल्या माडिया आदिवासी वस्त्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आहे.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच दोष. पण प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोर वेदनेनं रात्र रात्र कळवळतं. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत मोडते. रक्त चढवून वेळ निभावते, आजार जात नाही, कारण या पेशी जन्मतात त्या मज्जेतल्या मूळपेशींतूनच.

मग त्याच बदलायच्या. औषधांनी रुग्णाची मज्जा रिकामी करतात आणि दात्याच्या मूळपेशी शिरेतून सोडतात. त्या आपोआप हाडांत पोचून रुजतात. मज्जारोपणाच्या या कामासाठी डोनाल थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं. उत्तम दाता म्हणजे एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळणारं सख्खं भावंड, आणि प्रत्येक भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. ते भावंड सिकलसेलचं वाहक असलं तरी चालतं. हे आईबापांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. 'त्याच्याही रक्तात दोष आहे' म्हणून ते त्याला मागेच ठेवतात.

रोपणानंतरचे महिने मला अधिक भिववतात. प्रतिकारशक्ती दाबलेली असते. ताप आला तर काही तासांत मोठं रुग्णालय गाठायला हवं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागडचा संपर्कच तुटतो. वर मलेरिया आहेच. म्हणजे कुटुंबानं शहरात राहायचं आणि तेंदूचा हंगाम सोडायचा. रोपणाच्या खर्चाची चर्चा होते, या बुडालेल्या मजुरीची होत नाही. माझ्या मते रोपणाच्या मदतीत राहण्याजेवणाचा आणि मजुरीचा खर्च धरलाच पाहिजे.

२०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्रावर आधारित कॅसजेव्ही उपचाराला मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच मूळपेशींत जनुकीय बदल करतात, दाता लागत नाही. पण अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, आणि मज्जा रिकामी करणारी औषधं इथंही चुकत नाहीत.

गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर 'स्टेमसेल इंजेक्शन' विकणाऱ्यांसाठी कुणी शेत विकू नये. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांपलीकडचा असा वापर अजून संशोधनाच्या पायरीवर आहे.

हेमलकशाला दवाखाना चालवणारा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून या भागात आहे. दवाखान्यावर विश्वास ठेवायला लोक शिकले आहेत. तेव्हा माझी विनंती एवढीच: नवजात बाळाची सिकलसेल तपासणी करा, निदान झालेल्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली खंड न पाडता द्या, आणि त्याच्या भावंडांची एचएलए तपासणी लवकर करून घ्या. नमुना गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं घेता येतो. त्यासाठी नागपूरची वारी लागू नये.