पाण्याकाठचे बिऱ्हाड

पुण्याच्या माणसाला पानशेत म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक १२ जुलै १९६१ चा पूर आणि दुसरी रविवारची सहल. मीही त्याला अपवाद नव्हतो. पुराच्या गोष्टी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत वाढलो, आणि पुढे कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन धरणावर गरमागरम भजी खाऊन आलो. पण गेल्या उन्हाळ्यात पानशेतला गेलो तो सहलीसाठी नव्हे. एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाने मला तिथे नेले.

वर्गात साधनाताई आमटे यांच्या ‘समिधा’ या आत्मकथनाविषयी बोलत होतो. बोलता बोलता नर्मदेकाठच्या त्यांच्या बिऱ्हाडाचा विषय निघाला. मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, धरण तर शेवटी झालंच ना? मग ते दोघं तिथं जाऊन राहिले, त्याचा उपयोग काय झाला?”

मराठीच्या प्राध्यापकाजवळ शब्दांचा तुटवडा नसतो. मी काहीतरी उत्तर दिले. घंटा झाली आणि माझी सुटका झाली. पण माझे मलाच ते उत्तर पटले नव्हते. नंतर समजले, ती मुलगी पानशेतच्या धरणग्रस्तांच्या घरातली. “आजीला एकदा पाणी बघायला न्यायचंय, तुम्ही याल का?” असे तिने विचारले, आणि मी लगेच होकार दिला.

खडकवासल्याचे पाणी उजव्या हाताला ठेवून, डोणज्याच्या फाट्यावर सिंहगडाची वाट सोडून आमची मोटार खानापूरकडे निघाली. आजी खिडकीशी बसल्या होत्या. वाटेवरची हॉटेले आणि बंगले पाहून त्या काही बोलत नव्हत्या. मला मात्र वाटभर ते दुसरे बिऱ्हाड आठवत होते.

मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सातासमुद्रापलीकडून आलेला डॉक्टर आणि त्याची पत्नी उभी राहते. मिरजेचे डॉ. वानलेस असेच १८८९ साली तरुणपणी आले. १८९४ साली त्यांनी तिथे रुग्णालय उभे केले आणि उतारवयात ते निवृत्त होऊन परत गेले. तरुणपणी घर सोडावे आणि म्हातारपणी घरी परतावे, हा जगाचा शहाणा क्रम आहे. धर्मप्रसाराशी काडीचाही संबंध नसलेल्या बाबा आणि साधनाताईंनी हा क्रमच उलटा केला.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन करून त्यांनी वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन वसवले. चाळीस वर्षांत तिथे शेती पिकली, शाळा-कॉलेज उभे राहिले, मुले कर्ती झाली. आता झाडाखाली बसून कौतुक ऐकायचे दिवस होते. आणि नेमक्या त्या वेळी, १९९० साली, त्यांनी ते हाताने लावलेले घर सोडले आणि मध्य प्रदेशात बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदेच्या काठावर बिऱ्हाड केले. बाबा पंचाहत्तरीचे, ताई साठी ओलांडलेल्या. बाबांच्या पाठीचे दुखणे असे की त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. अशा माणसाने सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या लोकांत जाऊन राहायचे, आणि त्याची दुखणी सांभाळत, आल्यागेल्याचे पाहत पत्नीने परमुलखात पुन्हा पहिल्यापासून चूल मांडायची! जाण्याचा निर्णय बाबांचा, असे आपण सहज म्हणतो. पण प्रत्येक नव्या जागी घर उभे करण्याचे काम ताईंचे असे, हे विसरतो. सुमारे दहा वर्षे ते दोघे तिथे होते.

आणि धरण झाले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पुढे नेण्यास परवानगी दिली. २०१९ साली सरोवर प्रथमच काठोकाठ भरले. बाबा २००८ साली गेले, ताई २०११ साली. हिशेब मांडणाऱ्याने मांडावा आणि खाली शून्य लिहावे, असाच हा सारा व्यवहार. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न तोच होता.

पानशेत आले. आंबी नदीवरचे हे धरण फुटल्यावर पुन्हा बांधून काढले. उन्हाळा असल्यामुळे पाणी खूप खाली गेले होते. काठावर भेगाळलेला गाळ, त्यापलीकडे जुन्या बांधांच्या पुसट रेघा. आजी नातीचा हात धरून उतारापर्यंत गेल्या आणि बराच वेळ कपाळावर हात धरून पाहत राहिल्या. मग एका रेघेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “त्या अंगाला आमचं खाचर. भात व्हायचा.”

मी विचारले, “आजी, गाव सोडलंत तेव्हाचं काही आठवतं?”

“आठवतंय की. पोरवय होतं माजं. आईनं जातं डोक्यावर घेतलं, बानं गुरं हाकली. भाऊबंद पांगलं, कोन दौंडाकडं गेलं, कोन कुठं.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “मास्तर, धरन कुनाला थांबवता आलं नसतं. लोकांस्नी पानी पायजेच. पन जाताना येक मानूस बघाया आला न्हाई. कुनी येऊन येक रात जरी आमच्या वट्यावर बसला असता, तर वाटलं असतं, आमी बी मानसं हाय.”

नातीने माझ्याकडे पाहिले. वर्गात मला न सुचलेले उत्तर आजींनी देऊन टाकले होते, आणि तेही त्या दोघांचे नाव न घेता.

बाबा आणि साधनाताई नर्मदेकाठी दहा वर्षे करत होते ते हेच. ओट्यावर जाऊन बसणे. पाणी अडवणे त्यांच्या हाती नव्हते. पाणी येत असताना माणसांना एकटे न सोडणे हाती होते. सेवा म्हणजे काहीतरी उभे करून दाखवणे, असे आपण धरून चालतो, कारण उभ्या केलेल्या गोष्टीवर पाटी लावता येते. शेजारी बसण्याला पाटी नसते.

परत येताना संध्याकाळ झाली होती. घरी पोचल्यावर हातपाय धुवायला नळ सोडला. पाणी पानशेतकडचेच. आजवर इतकी वर्षे ते प्यालो, पण त्या दिवशी नळ बंद करायला हात पुढे केला तेव्हा आजींचे खाचर डोळ्यांसमोर आले. १२ जुलैला आम्ही पुणेकर आमचा पूर दरवर्षी आठवतो, आठवावाच. पण ज्यांच्याकडे त्या पाण्याचा पूर येऊन पुन्हा ओसरलाच नाही, त्यांच्या ओट्यावर जायला मला पंचेचाळीस वर्षे लागली. आणि तेही एका मुलीने विचारले म्हणून!

आजींनी निघताना बजावले आहे, “दिवाळीला घरी या, मास्तर. करंज्या करीन.” मी जाणार आहे. पत्नीलाही बरोबर नेणार आहे.