कडी लावलेले रुपये

राणीछाप रुपयाला कडी लावलेली दिसली की नाणी जमवणारा माणूस तो हातात घेतो, उलटसुलट करतो आणि परत ठेवून देतो. व्यापारी तर बोलायच्या आधीच भाव पाडतो. डाख दिलेलं नाणं बाद, भोक पाडलेलं नाणं बाद, घासलेलं नाणं चांदीच्या भावानं, असा या छंदातला सरसकट दंडक आहे. राणीच्या मुकुटावर पसरलेला डाखाचा डाग, भोक पाडताना उडालेलं 'एम्प्रेस'मधलं एक अक्षर, सपाट झालेला गाल, या सगळ्यांना नाण्यांच्या पुस्तकांत दोष म्हणतात. माझ्या संग्रहातली सगळ्यांत जपलेली नाणी नेमकी अशीच आहेत. मी चांदा-गडचिरोलीच्या मुलखात नाणी जमवतो, आणि या मुलखात इंग्रजांचा रुपया पेटीपेक्षा गळ्यात जास्त राहिला.

या रुपयाचं घडणं आधी सांगायला हवं. १८३५ साली कंपनी सरकारनं आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या हिशेबानं ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. त्याआधी राज्यागणिक रुपया वेगळा होता. नागपूरकर भोसल्यांचा एक, प्राणहितेपलीकडच्या निजामाचा दुसरा, आणि एकाचा दुसरा करून देताना मधल्या मध्ये बट्टा कापणारा सराफ. नवा रुपया जिथं गेला तिथं तो नाण्याबरोबर वजनही झाला. तराजूच्या एका पारड्यात रुपया टाकला की दुसऱ्यात तोळा मोजला जाई. ऐंशी रुपयांचा शेर होई. खणखणीत वाजणारा हा पांढरा तुकडा पुढं जंगलात दागिना झाला, त्याला त्याचं हे पक्कं, न बदलणारं वजनच कारण असावं असं मला वाटतं. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनाही त्यावर विश्वास ठेवता येत होता.

माझ्याकडचा एक रुपया १८४० सालचा आहे. म्हणजे त्यावर साल तसं आहे; तो घडला कधी ते त्यावरून कळत नाही, कारण कंपनीनं पुढची वीसेक वर्षं तेच साल ठोकत ठेवलं. एका बाजूला तरुण व्हिक्टोरिया, केस फितीनं बांधलेले, डोक्यावर मुकुट नाही. दुसऱ्या बाजूला फांद्यांच्या वेढ्यात 'वन रुपी', खाली फारसी लिपीत तेच, आणि भोवती ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. हा रुपया समोर ठेवला की मला १८५८ साल आठवतं. नागपूरचे तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं आणि चांदा कंपनीच्या हाती आलं. चारच वर्षांत मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंडांना गोळा करून या सत्तेविरुद्ध हत्यार उपसलं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिलं गेलं. त्यानंतर अकराव्या दिवशी, १ नोव्हेंबरला, राणीचा जाहीरनामा निघाला आणि कंपनीचं राज्य संपलं. रुपयावरून मात्र कंपनीचं नाव १८६२ साल उजाडेपर्यंत गेलं नाही. ज्या कंपनीशी बाबूराव लढले, तिचं नाव त्यांच्या जाण्यानंतरही त्यांच्याच लोकांच्या हातांतून फिरत होतं. माझ्या त्या रुपयाला वर पितळेची कडी आहे. राणीचं नाक पार गेलंय, कंपनीची अक्षरं अजून वाचता येतात.

१८६२ पासून रुपयावर मुकुटधारी राणी आली, भरजरी पोशाखातली. हे साल तर १८७४ पर्यंत गोठलेलं राहिलं. मुंबईच्या टाकसाळीनं काही रुपयांवर बारीक टिंबं सोडली आहेत; ती भिंगाखाली मोजून जाणकार वर्षं ताडतात. रात्रीच्या रात्री यात जातात, आणि त्या आनंदात गेलेल्या रात्री असतात. १८७७ पासून 'क्वीन'ची 'एम्प्रेस' झाली. मग एडवर्ड, डोक्यावर मुकुट नसलेला, टक्कल स्पष्ट दिसणारा. मग पाचवा जॉर्ज. त्याचा १९११ चा पहिला रुपया वादग्रस्त ठरला. राजाच्या झग्यावर साखळीत एक हत्ती होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ मध्ये हत्ती नीट घडवला. नाणीवाले आजही त्याला डुकराचा रुपया म्हणतात आणि त्याला किंमतही तशीच आहे. मला इतकंच वाटतं की ठसा पाडणाऱ्यानं एकदा सिरोंच्याकडे येऊन कमलापूरच्या हत्तींसारखा जिवंत हत्ती पाहायला हवा होता.

पण या भागातल्या माळांमध्ये माझ्या पाहण्यात जास्त येतात ते जॉर्जचेच १९१७ ते १९२० चे रुपये. याचं मूळ फार लांब आहे. पहिल्या महायुद्धात सरकारला हिंदुस्थानातून माल हवा होता आणि त्याचे पैसे चांदीत चुकवायचे होते. लोकांनी रुपये दाबून ठेवले, नोटा घेऊन वटवायला रांगा लावल्या. सरकारनं १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची कागदी नोट काढली, तरी भागेना. शेवटी एप्रिल १९१८ मध्ये अमेरिकेनं पिटमन कायदा केला, आपल्या खजिन्यातले पंचवीस कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. त्या डॉलरांमध्ये नेवाडाच्या खाणींतली चांदी होती. ती मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळींत आली, तिचे रुपये झाले. त्यांतले काही गोंदियाहून चांदाफोर्टला येणाऱ्या छोट्या रेल्वेनं आले असतील, काही सागवान तोडणीच्या मजुरीत आलापल्लीला पोहोचले असतील, काही चारोळी, लाख, मोहाच्या मोबदल्यात आठवडी बाजारात. तिथून ते भामरागड-एटापल्लीच्या माडिया बायांच्या गळ्यात गेले. नेवाडाच्या डोंगरातली चांदी पर्लकोटेच्या काठी एखाद्या गळ्यावर घामानं काळी पडली, हे नकाशावर बोट फिरवून पाहताना माझं मन भरून येतं. जगाच्या इतिहासानं या जंगलाला कधी विचारलं नाही, पण जगाची चांदी इथं येऊन थांबली.

माळ जवळून पाहावी अशीच असते. सुती दोरा, बहुधा काळा किंवा लाल, पिळून जाड केलेला. प्रत्येक रुपयाच्या डोक्यावर कडी, दोन रुपयांच्या मध्ये काचेचे मणी. कुठं रुपया, कुठं अधेली, मध्येच एखादी पावली. पुढच्या काळात पितळी रंगाचे कमळाचे वीस पैसेही शिरलेले. माळेतला रुपया सुटा करून भिंगाखाली धरला तर त्याच्या कडेवर सगळं वाचता येतं. रुपयाच्या कडेला बारीक उभे दाते असतात. ते कडीखाली आणि तळाशी शाबूत राहतात, पण डाव्या-उजव्या अंगाला पार गेलेले असतात, कारण तिथं तो शेजारच्या रुपयाला वर्षानुवर्षं खेटून हलत होता. जी बाजू कातडीला लागून होती ती शिळेसारखी गुळगुळीत, जी बाहेर होती तिच्यावर अक्षरं शिल्लक. काहींवर दोन कड्यांच्या खुणा दिसतात. पहिली कडी तुटली, सोनाराकडे नेली, दुसरी लावली. पेटीत कोऱ्या राहिलेल्या रुपयाजवळ सांगण्यासारखं यातलं काय आहे?

रुपयावर नागरी अक्षर नव्हतंच. चांदीचा रुपया इंग्रजी आणि फारसीतच बोलायचा. १९०७ पासूनच्या बारा पाकळ्यांच्या आण्यावर मात्र 'एक आना' असं नागरीत आलं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या डब्यांत हे आणे आणि १९४३ नंतरचे भोकाचे पैसे अजून सापडतात. ते मुलांना खेळायला दिलेले असतात आणि मला ते फार आवडतात, पण त्यांची गोष्ट वेगळी.

चांदीचा रुपया खऱ्या अर्थानं संपला तो १९४० मध्ये. सहाव्या जॉर्जच्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, कडेला दात्यांमध्ये खाच पाडली. सोनार नखानं ती खाच चाचपतो आणि रुपया बाजूला काढतो. पुढं १९४७ मध्ये शुद्ध निकेलचा रुपया आला, राजाच्या पाठीवर चालता वाघ. वाघाच्या या मुलखात तो रुपया माळेत फारसा ओवलेला दिसत नाही. निकेलला मोडीत भाव नव्हता, आणि बाया धातू पारखूनच ओवत होत्या.

या छंदात मी एक गोष्ट पाळतो. गळ्यातलं मागायचं नाही. एकदा बाजारात एका आजींच्या माळेकडे मी जरा जास्त वेळ पाहत राहिलो. त्या म्हणाल्या, "हे इकाचं नाही, भाऊ." मी म्हणालो, "मागत नाही आजी, फक्त साल वाचू द्या." त्यांनी माळ न काढता तीच थोडी पुढं केली. मी वाचत गेलो. १९०६, १९१२, १९१९. त्यांना सालाचं काही नव्हतं. कुठला रुपया आईचा आणि कुठला सासूचा, हे त्या बोटानं दाखवत होत्या, आणि ती माहिती सालाहून मोठी होती.

आता या माळा झपाट्यानं जाताहेत. चांदीचा भाव वाढला, घरात आजारपण आलं, मुलाची फी भरायची झाली की माळ तालुक्याच्या गावी येते, दोरा कापला जातो, रुपये वजनाला लागतात आणि मुशीत आटतात. विकणाऱ्यांना मी कधीच बोल लावत नाही. चांदी अडल्यावेळी कामी यावी म्हणूनच तर गळ्यात ठेवलेली असते. मला दुःख होतं ते नोंद न होता आटण्याचं. ओळखीच्या दोन-तीन सोनारांना मी सांगून ठेवलंय की मोडीत माळ आली तर आटवायच्या आधी मला एक फोन करा. मी मोडीपेक्षा थोडा जास्त भाव देतो. तेवढे पैसे नसले तर निदान फोटो काढतो, साल, टाकसाळीची खूण, कडी कशाची, दोरा कसला, माळ कुठल्या गावची, हे वहीत उतरवून घेतो. नांगराखाली हंडा लागला तर गोष्ट वेगळी. दहा रुपयांवरचं भूमिगत धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८ चा कायदा आहे, आणि तो मोडून जमवलेलं नाणं मला माझ्या पेटीत नको.

नवख्यांना मी एवढंच सांगतो की चिंच, राख, पितांबरी यांपासून नाणं लांब ठेवा, कडी कापू नका, डाखाचा डाग खरवडू नका. भोकाच्या नाण्याला दोन रुपये कमी मिळाले तर मिळू द्या. कडी कापलेल्या रुपयाला ना टाकसाळीचा इतिहास उरतो ना गळ्याचा.

नागपूरच्या अजब बंगल्यात, १८६३ पासूनच्या त्या संग्रहालयात, मी लहानपणापासून नाणी पाहत आलोय. माझी इच्छा आहे की गडचिरोलीत एखादं दालन असं व्हावं, जिथं नाणी सुटी मांडलेली नसतील. माळ माळेसारखी टांगलेली असेल, खाली गावाचं नाव असेल, आणि कुठला रुपया आईचा, कुठला सासूचा हेही लिहिलेलं असेल. त्यासाठी मी दोन माळा अखंड ठेवल्या आहेत. त्यांतला एक रुपयाही विकलेला नाही, दोरासुद्धा बदललेला नाही. दालन झालं की त्या तिथं द्यायच्या, असं घरात सांगून ठेवलंय.