झोळी

आठवडाभर वर्गात न दिसलेल्या मुलीचे घर शोधीत मी घाटकोपरला असल्फ्याची टेकडी चढलो. पत्र्याखालच्या वाशाला जुन्या साडीची झोळी, दोरी हिच्या हाती. आई धुण्याभांड्याला गेलेली. झोळीत दोन महिन्यांचा भाऊ. हनुवटी छातीला टेकलेली, तोंडापर्यंत गोधडी.

मान अशी दुमडली की तान्ह्याची श्वासाची वाट अडू शकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९२ सालीच तान्ह्याला पालथे निजवू नका म्हणून बजावले. पुढे उशीही वर्ज्य केली. (आमच्याकडे राईच्या उशीवाचून तान्हे निजत नसे!)

"बाळाला खाली उताणे निजव," मी म्हणालो.

"खाली उंदीर येतात, सर."

सतरंजीची घडी घालून बाळाला निजवले. आई येईपर्यंत मी राखण करीत बसलो. ती वही काढून राहिलेली गणिते सोडवू लागली.