चौदाशे चाळीस

माझ्या भाचीनं गेल्या महिन्यात शिरोळ तालुक्यात दुष्काळ पाडला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अर्जासोबत जोडायचा निबंध तिनं मला वाचायला पाठवला होता. दुसऱ्याच परिच्छेदात भेगाळलेली जमीन, करपलेलं पीक आणि डोक्यावर हंडा घेऊन मैलोन्‌मैल चालणारी आजी. पोरीचं घर कुरुंदवाडला. कृष्णा आणि पंचगंगा जिथं मिळतात ती नृसिंहवाडी अगदी जवळ. घराच्या सोप्यातल्या भिंतीवर 2005, 2019 आणि 2021 अशा पाण्याच्या तीन रेघा आहेत, त्यातली वरची माझ्या डोक्याच्याही वर जाते. आणि ती हंडेवाली आजी म्हणजे माझ्या बहिणीच्या सासूबाई. 2019 च्या ऑगस्टमध्ये त्यांना माडीवरून बोटीत उतरवायला चार माणसं लागली होती आणि तेवढ्या गडबडीतही त्या तंबाखूची चंची आधी मागत होत्या.

मी फोन केला. "अगं, हे कुठलं गाव?"

"मावशी, पूर सगळेच लिहितात. सर म्हणाले, दुष्काळाला वजन असतं."

सर पुण्याचे. परदेशी जाणाऱ्या मुलांचे अर्ज घडवून देतात. त्यांची फी मी विचारली नव्हती, बहिणीनं आपणहून सांगितली, मग थोडा वेळ आम्ही दोघीही काही बोललो नाही.

आमच्या घरात परदेशी अर्ज हा प्रकार नवा नाही. बाबांचं कोल्हापुरात शुक्रवार पेठेत टायपिंग इन्स्टिट्यूट होतं, माडीवर. सकाळ-दुपार मुलं इंग्रजी तीस-चाळीस, मराठी तीसच्या सरकारी परीक्षांसाठी रेमिंग्टन बडवायची, आणि संध्याकाळी सातनंतर बाबा बाहेरचं काम घ्यायचे. वकिलांचे दावे, शिवाजी विद्यापीठातल्यांचे प्रबंध, आणि अधूनमधून, पावसाळा संपला की, अमेरिकेचे फॉर्म. जाड गुळगुळीत कागद, त्यावर बारीक छापलेल्या चौकटी. तिथल्या रेघांमधलं अंतर आपल्या मशिनच्या ओळीला कधी जुळायचं नाही. बाबा रोलर मोकळा करायचे, बोटानं केसभर पुढे ढकलायचे, फॉर्मवर ट्रेसिंग पेपर धरून आधी त्याच्यावर ठोकून बघायचे. फॉर्म एकच असायचा. खाडाखोड झाली तर दुसरा यायला दोन महिने. चुकलंच एखादं अक्षर तर दाढीच्या ब्लेडच्या कोपऱ्यानं ते खरवडून काढायचं, नखाच्या पाठीनं कागद घासून गुळगुळीत करायचा आणि श्वास रोखून पुन्हा ठोकायचं. ते काम ते मला देत नसत. मी शेजारी बसून स्पेलिंग तपासायची.

एक रात्र डोक्यातून जात नाही. 1986 सालातली. शिरोळकडचाच एक शेतकरी मुलाला घेऊन आला होता. मुलगा सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअर झालेला, त्याच्याकडे तीन-चार विद्यापीठांचे फॉर्म होते, त्यात एक एमआयटीचा. वडिलांकडे सातबाराचे उतारे, खताच्या पिशवीत गुंडाळलेले. मुलाचं सगळं ठोकून झालं, मार्क, पत्ते, प्राध्यापकांची नावं. मग आर्थिक मदतीचा कागद आला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न, डॉलरमध्ये.

"किती येतंय वर्षाला?" बाबांनी विचारलं.

"कारखान्याचं बिल येईल तसं. मागल्या साली अठरा हजार धरा."

डॉलर तेव्हा साडेबारा रुपयांच्या आसपास होता. बाबांनी काडेपेटीच्या पाठीवर भागाकार केला आणि मोठ्यानं वाचलं, "चौदाशे चाळीस."

शेतकरी पुढे वाकला. "चौदाशे? आणि बाकीचं कुठं गेलं?"

मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागला. बाबांनी समजावलं, डॉलर म्हणजे काय, रुपया म्हणजे काय. माणसाला ते कळत नव्हतं अशातला भाग नाही. गूळ आणि उसाचा हिशेब करणाऱ्याला भागाकार कळतो. त्याला कळत होतं ते निराळंच. दोन पाणी पाळ्या, रात्रीची वीज, तोडणीवाल्यांची मनधरणी, कारखान्याच्या काट्यावरची रांग, हे सगळं करून हातात आलं ते कुणीतरी त्याच्यासमोर बसून साडेबारानं भागलं होतं. शेवटी बाबा म्हणाले, "कमी दिसल्यालं बरं असतंय. पैसे मागतोय न्हवं आपण."

तो मुलगा गेला की नाही गेला, मला माहीत नाही. निकाल सांगायला टायपिस्टकडे कोण येतं?

पण बाबांचं ते वाक्य अर्धंच होतं हे मला पुढे कळलं. मदतीच्या कागदावर माणूस गरीब दिसावा लागतो, आणि तोच माणूस महिन्या-दोन महिन्यांनी व्हिसाच्या कागदांसाठी येतो तेव्हा त्याला सधन दिसावं लागतं. तेव्हा जमिनीचं मूल्यांकन, घराचं मूल्यांकन, बायकोचे दागिने, इचलकरंजीच्या चुलत्यांचे माग, सगळं बाहेर येतं. दोन्ही कागद बाबाच ठोकायचे, एकाच मशिनवर, आणि दोन्ही खरे असायचे.

आता इथं आनंदीबाई जोशी येतात. त्यांचा आणि उसाचा काही संबंध नाही, पण कोल्हापुरातून अमेरिकेला शिक्षणासाठी गेलेल्या अर्जांबद्दल लिहायचं आणि त्यांना दारात उभं ठेवायचं हे मला जमणार नाही. गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते आणि बदली होऊन कोल्हापुरात आले होते. 1878 साली इथूनच त्यांनी बायकोच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी पत्र धाडलं, रेव्हरंड रॉयल वायल्डर यांना. वायल्डरांनी 1852 मध्ये कोल्हापुरात मिशन सुरू केलं होतं, त्यांच्या नावाचं चर्च गावात आजही आहे. पत्र गेलं तेव्हा ते अमेरिकेत परतून प्रिन्स्टनहून मिशनऱ्यांसाठी नियतकालिक काढत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की ख्रिस्ती व्हाल तर बघू. जोशी नवराबायकोला ते मान्य नव्हतं. वायल्डरांनी सगळा पत्रव्यवहार छापून टाकला आणि एवढ्यावर गोष्ट संपायची. पण 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या, तिथं तो अंक त्यांच्या हाती लागला आणि त्यांनी आनंदीला पत्र लिहिलं. दात दुखला नसता तर, असं मी वर्गात मुलींना सांगायची तेव्हा हमखास हशा यायचा.

कोल्हापुरातून ते पत्र गेलं तेव्हा आनंदी तेरा वर्षांची होती. ते तिचं पत्र नव्हतंच, तिच्या नवऱ्याचं होतं. मला ओढ आहे ती 1883 मधल्या पत्राची, अमेरिकेत पोचल्यावर तिनं स्वतः फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला लिहिलेल्या. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपल्याला पुऱ्या करता येत नाहीत हे ती त्यात सरळ लिहून टाकते, आणि मायदेशातल्या बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नाहीत, त्यांच्यासाठी आपल्याला हे शिकायचंय, असं कारण देते. पुण्याच्या सरांनी तो कागद लाल करून परत केला असता. 11 मार्च 1886 ला ती डॉक्टर झाली. कोल्हापूर संस्थाननं तिला इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या बायकांच्या विभागाचं काम देऊ केलं. तेच आपलं आजचं सीपीआर. शाहू महाराज तेव्हा बारा वर्षांचे, गादीवर दत्तक आलेले, कारभार दुसऱ्यांच्या हाती. आनंदीबाई नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या क्षय घेऊनच, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. ज्या गावातून पहिलं पत्र गेलं त्याच गावात नोकरी तयार होती आणि त्यावर कुणी रुजू झालं नाही. सीपीआरच्या केसपेपरच्या रांगेत उभी असले की मला हे हटकून आठवतं, आणि रांगेतल्या कुणाला तरी सांगावंसं वाटतं. एकदा सांगितलंही. त्या बाई म्हणाल्या, "मग आता लेडी डॉक्टर कुठल्या खोलीत बसत्यात?"

माझा राग मात्र कोल्हापूरवर नाही. तो त्या माडीवरच्या बाकावर आहे. आनंदीबाईंच्या पत्रानंतर शंभर वर्षं उलटून गेली होती, आणि त्या बाकावर परदेशी फॉर्म घेऊन बसलेली एकही मुलगी मला आठवत नाही. मुलगे यायचे, त्यांचे बाप यायचे, क्वचित मामा. माझं इंग्रजी बाबांपेक्षा बरं होतं हे बाबाच गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचे. ते एमआयटीचं माहितीपत्रक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, लायब्ररी किती वाजता बंद होते इथपर्यंत. हिचाही एक फॉर्म मागवावा असं कुणाच्या मनात आलं नाही. वाईट याचं वाटतं की तेव्हा मलाही त्यात काही खटकलं नव्हतं.

असो. भाचीला मी म्हटलं, दुष्काळ काढ. तर ती म्हणाली, मग काय घालू? मोठ्या माणसांचे दाखले घालू का? मुलांना वाटतं अर्जात मोठी माणसं आली की अर्ज मोठा होतो. कोल्हापूरची मुलं तर शाहू महाराज आणि बाबासाहेब हमखास घालतात, आणि त्यांची चूक नाही, कारण ते दोघंही या विषयात खरोखरच आहेत. बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, महिना साडेअकरा पौंड आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची चाकरी करण्याचा करार. लंडनचं शिक्षण 1917 मध्ये अर्धवट टाकून यावं लागलं, चार वर्षांत परत येण्याची मुभा घेऊन. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवायचे, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घ्यायचं. मार्च 1920 मध्ये आमच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद भरली, शाहू महाराज स्वतः आले, त्यांनी पैशाचीही मदत केली आणि जुलैत बाबासाहेब बोटीत बसले. जिथं माझी भाची अर्ज करतेय त्याच संस्थेत ते परत गेले. आज महाराजांच्याच नावानं अनुसूचित जातींतल्या पंच्याहत्तर मुलांसाठी सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. भाचीची मैत्रीण यंदा त्या शिष्यवृत्तीच्या मागे आहे आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेपा घालतेय. बाबासाहेबांचं ते सगळं वाचताना माझं लक्ष त्या चार वर्षांवर जातं. तीन वर्षं सरलेली, पैसे अजून पुरेसे नाहीत, आणि मुदतीचं कॅलेंडर रोज समोर. निबंधात हे येत नाही. निबंधात फक्त बोट येते.

(जयंत नारळीकरही कोल्हापूरचेच, असंही ती घालणार होती. जन्म इथला, 1938 चा, हे खरं. पण वाढले बनारसला आणि 1957 मध्ये टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले ते तिथूनच. जन्माच्या दाखल्यावर किती हक्क सांगायचा यालाही काही मर्यादा आहे, असं मी म्हटलं. कोल्हापुरात हे मोठ्यानं म्हणू नये.)

मग गप्पांच्या ओघात सहज म्हणून विचारलं, 2019 च्या पुरात तू काय करत होतीस? सोळा वर्षांची होती. म्हणाली, काही नाही, शाळेतल्या छावणीत होतो, मी फॉर्म भरत होते. कसले? मदतीचे. लोकांचे कागद वाहून गेलेले, कुणाचं रेशन कार्ड लगदा झालेलं, बँकेच्या पासबुकावरचा नंबर दिसत नव्हता. तलाठी एकटा, रांग मोठी. ही आणि तिच्या वर्गातल्या दोघी वर्गातल्या बाकांवर बसून लोकांचे अर्ज लिहून देत होत्या. घरात पाणी किती फूट, किती दिवस, जनावरं किती गेली, भांडी किती गेली. एका म्हातारीनं तिला गेलेल्या म्हशीचं नाव लिहायला लावलं. फॉर्मवर नावाचा रकाना नव्हता, हिनं समासात लिहिलं.

"हे का नाही लिहिलंस?"

"ह्यात काय लिहायचं मावशी? फॉर्मच तर भरले की."

अखेर तिनं तेच लिहिलं. पुण्याहून शेरा आला की भावनिक परिणाम कमी पडतोय. तिनं बदललं नाही आणि रात्री दोन वाजता अपलोड करून टाकलं. आमच्या बाबांना या पोरीनं फक्त फोटोत पाहिलंय. समासात लिहिण्याची खोड कुठून आली कोण जाणे.

गेल्या रविवारी दाजी कोल्हापुरात आले ते सीएच्या ऑफिसातून थेट आमच्याकडे. प्रवेश अजून मिळायचाय, पण फी कशी भरणार ते दाखवायची तयारी आधीच ठेवावी लागते, म्हणून मालमत्तेचं प्रमाणपत्र करून आणलं होतं. जमीन, घर, विहिरीतला वाटा, ट्रॅक्टर, बहिणीचं सोनं. हल्ली तिकडच्या जमिनीचे भाव कुठच्या कुठं गेलेत, दाजी विकणार नाहीत ही गोष्ट निराळी. शेवटची बेरीज अक्षरी लिहिलेली होती आणि तिच्यात कोटी हा शब्द होता. दाजींनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाले, "ताई, एवढं आमच्याकडं हाय हे मला आज कळालं. आता ह्यातलं पाच हजार कुठं मिळत्यात का बघा, कारखान्याचं बिल अजून निघालं न्हाई."