उधव्याच्या माळावर दोन रात्री

गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीं सहकुटुंब तंबूंत राहावयाचें ठरविलें, तेव्हां आप्तेष्टांनीं आम्हांस वेड्यांत काढलें. सहकुटुंब म्हणजे आम्ही उभयतां व आमचे सव्वादोन वर्षांचे चिरंजीव. “हिंवाळ्याची थंडी, रानांतला विंचूकाटा, आणि बरोबर एवढेंसें मूल!” असें सासूबाई म्हणाल्या, व त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु मी गेलीं पंधरा वर्षें सह्याद्रींतील गड पायांखालीं घातलेला मनुष्य. मूल झालें म्हणून डोंगर सुटला, हें माझ्या अभिमानास रुचत नव्हतें. अभिमानाचा हा उल्लेख मुद्दाम करून ठेवतों, कारण पुढें त्याचें काय झालें तें यावयाचें आहे.

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यांत, दादरा-नगर हवेलीच्या सीमेकडे उधवा हें गांव आहे. वस्ती बहुतेक वारली व इतर आदिवासी लोकांची, निरनिराळ्या पाड्यांवर विखुरलेली. आमच्या शाळेंतून शिकून गेलेला एक विद्यार्थी तेथल्या एका पाड्यावर राहतो. “गुरुजी, भात कापून झालें आहे, खाचरें मोकळीं आहेत, खुशाल या,” असें त्यानें कळविलें होतें. डहाणू रोड स्टेशनावर उतरून पुढें मोटारीनें आम्ही दिवस कलतांना त्याच्या दारीं पोहोंचलों.

माझा बेत मोठा होता. डहाणू तालुक्यांत गंभीरगड म्हणून सुमारें सव्वादोन हजार फूट उंचीचा किल्ला आहे. दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांस पाठीवर घेऊन तो चढावयाचा. त्यासाठीं मूल बसवून पाठीवर घ्यावयाची, हलक्या नळ्यांची एक बैठक मीं मुंबईहून आणली होती. तिची खरी किंमत मीं अद्यापि घरांत सांगितलेली नाहीं.

खाचरांत मी तंबू ठोकूं लागलों, तोंच विद्यार्थ्याची आजी काठी टेंकीत आली. आजीबाईंनीं तंबूस एक प्रदक्षिणा घातली, कापड दोन बोटांत धरून पाहिलें, आणि विचारलें, “हें किती रुपयांचें?” मीं सांगितलें. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “तुमी हौसेनं उघड्यावर निजाया आले. आमाला तर भुईनं घराभायेर काढलं होतं.”

ज्या वाचकांस ही हकीकत ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसूं लागले, व डहाणू तालुक्यांतील धुंदलवाडीचें नांव वर्तमानपत्रांतून वारंवार येऊं लागलें. एक मोठा धक्का आणि त्यामागून कमी होत जाणारे लहान धक्के, असा नेहमींचा क्रम यांत नव्हता. लहानमोठे धक्के महिनेन् महिने येत राहिले. त्यांचा उगम फार खोल नसल्यामुळें सुरुंग उडाल्यासारखा आवाज होई आणि घर हादरे. 1 फेब्रुवारी 2019 रोजीं एका दिवसांत अनेक धक्के बसले. त्यांतील मोठा 4.1 तीव्रतेचा होता. पुढें राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलानें तंबू उभारले व शास्त्रज्ञांनीं भूकंपमापक यंत्रें बसविलीं. मीं हें सारें त्या वेळीं वाचलें होतें, आणि वाचून वर्तमानपत्राची घडी घातली होती.

आजीबाईंचा धाकटा नातू त्या हिंवाळ्यांत दोन वर्षांचा होता. म्हणजे बरोबर आमच्या चिरंजीवांएवढा. त्यांचें जुनें घर कारवीच्या कुडाचें, वरून शेणमाती लिंपलेलें. शेजारीं नवी खोली विटांची. “कूड हालतो, डुलतो. वीट माणसावर येते,” असें त्या म्हणाल्या. विटांच्या भिंतीस भेग पडली त्या रात्रीं त्यांनीं नातवास पोटाशीं धरून खळ्यावर धांव घेतली, आणि पुढें कित्येक रात्री त्या मुलास घेऊन त्या आकाशाखालींच निजल्या. घरांत जावयाचें तें स्वयंपाकापुरतें, आणि तेंहि दाराकडे तोंड करून.

एवढें सांगून झाल्यावर त्यांनीं माझ्या तंबूची परीक्षा घेतली, व तींत मी साफ नापास झालों. मीं खोलगट जागा निवडली होती. तेथें रात्रीं गारठा सांचतो. वर ताडाचें झाड होतें. त्याची वाळलेली झावळी केव्हां सुटेल त्याचा नेम नाहीं. तंबू उपटून आम्हीं तो माळाच्या उंचवट्यावर नेला. आजीबाईंनीं नातवाकडून भाताचा पेंढा आणविला आणि तो तंबूच्या तळाखालीं हातभर जाडीनें पसरविला. शेकोटी वाऱ्याच्या खालच्या बाजूस आणि चांगली लांब पेटविली. “पोर झोपेंत चालतं,” त्या म्हणाल्या. चिरंजीवांनीं पेज प्याली, नागलीच्या भाकरीचा एक तुकडा कुत्र्यास व एक आपणांस असें जेवण केलें, आणि त्या पेंढ्याच्या उबेंत ते असे निजले कीं घरींहि कधीं निजले नाहींत.

मला मात्र झोंप आली नाहीं. त्या रात्रीं जमीन हलली नाहीं. परंतु दूर रस्त्यावरून एखादी मालमोटार गेली तरी माझा हात आपोआप मुलाच्या अंगावर जाई. पहांटे दहिंवर पडून तंबूचें कापड ओलें झालें होतें.

सकाळीं त्या नळ्यांच्या बैठकींत चिरंजीवांस बसविलें मात्र, त्यांनीं असा आकांत मांडला कीं पाड्यावरचीं माणसें धांवून आलीं. तीन वेळां प्रयत्न केला. गंभीरगडाचा बेत तेथेंच संपला. आजीबाईंच्या त्या नातवानें (तो आतां चौथींत आहे) पाड्यामागच्या लहानशा टेकडीकडे बोट दाखवून मुलास म्हटलें, “चल रे.” आणि चिरंजीव निमूटपणें त्याच्यामागून चालूं लागले.

चालणें म्हणजे काय, हें मला त्या दिवशीं नव्यानें शिकावें लागलें. पांच पावलें गेलीं कीं वारूळ, तेथें बसावयाचें. पुढें शेणाची गोळी लोटणारा किडा. त्याला वाट द्यावयाची. जी टेकडी मी वीस मिनिटांत चढलों असतों तिला दोन तास लागले, आणि चौथींतला तो मुलगा एकदांहि कंटाळला नाहीं. माथ्याजवळ एक उतरता कातळ होता. तेथें चिरंजीवांचें छायाचित्र घ्यावें म्हणून मीं त्यांचा हात सोडला. सोडला तो दोन क्षणच. तेवढ्यांत त्यांचा पाय मुरमावरून निसटला व ते कातळाच्या कडेकडे घसरले. मी हाक मारण्यापूर्वींच त्या मुलानें अंग टाकून त्यांचा सदरा धरला होता. गुडघा खरचटला, एवढेंच. सौभाग्यवती मला कांहीं बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें. परततांना मूल कोणाच्या कडेवर गेलें हें सांगावयास नको.

दुसरी रात्र आम्हीं त्याच माळावर काढली. तिसऱ्या दिवशीं निघतांना, उपयोगीं पडेल म्हणून, तंबू मीं आजीबाईंस देऊं केला. त्यांनीं तो हातानेंच परत सारला. “नको, गुरुजी. तो घरांत असला का झोप नाय येत.”

नळ्यांची बैठक मात्र त्यांनीं ठेवून घेतली. विद्यार्थ्यानें परवांच कळविलें आहे कीं तिच्यांत पेंढा भरला असून सध्यां एक कोंबडी अंड्यांवर बसली आहे.