दार वाजवून आत यावे

दिवाळीची चाहूल प्रथम कशाने लागते, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. सौ. म्हणते, भाजणीच्या वासाने. मुले म्हणतात, सहामाही परीक्षेच्या वेळापत्रकाने. माझे मत असे की, ती फोनवरच्या संदेशांनी लागते. घट बसतात न बसतात तोच साड्या, सोने, सदनिका आणि कुणीही न मागितलेली कर्जे यांचा खिशात गलका सुरू होतो. अशा संदेशांवर तोंडसुख घेण्यात मी कोणाला हार जाणार नाही. म्हणूनच, तसाच एक संदेश पाठवण्याचे काम मामांनी यंदा माझ्यावर सोपवले, तेव्हा मौज झाली.

मामांचे ठाण्यात साड्यांचे लहानसे दुकान आहे. समोर दुमजली चकचकीत दुकान झाल्यापासून विक्री उतरली आहे. हा हंगाम गेला तर नोकर कमी करावा लागेल, अशी अवस्था. मात्र मामांपाशी एक धन होते. फॉल-पिकोच्या वह्यांत तीन हजार गिऱ्हाइकांचे फोन नंबर! "सगळ्यांना एक संदेश टाकून दे," ते म्हणाले. "एका बटणाचे तर काम!"

बटण एकच, पण त्याच्या अलीकडे केवढी तरी उठाठेव आहे. 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांप्रमाणे व्यापाऱ्याने आधी दूरसंचार कंपन्यांच्या सामायिक नोंदवहीत नाव घालावे लागते. संदेश ज्या नावाने जाणार ते नाव नोंदवायचे, संदेशाचा मसुदा मंजूर करून घ्यायचा. त्यात दुवा असेल तर तोही. मसुद्यात नसलेला शब्द घुसडला की संदेश चाळणीतच अडकतो. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी प्रथम कडकपणे लावली, तेव्हा बँकांचे ओटीपीदेखील अडकले आणि ती सात दिवस बाजूला ठेवावी लागली! आणि २०२५ पासून नावाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर लागते. जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी', सरकारी संदेशाला 'जी'. म्हणजे पाहुणा कशासाठी आला आहे, ते उंबऱ्यावरच कळावे.

मसुद्याने आमची परीक्षा पाहिली. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत अवघी ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी सारे वेगळे मोजतात. लांबला की दोन संदेशांचे पैसे. रोमन लिपीत मराठी लिहायला मामांनी साफ नकार दिला. त्यांनी 'सस्नेह' कापले, 'सहकुटुंब' कापले. 'अगत्याने' मात्र कापवेना.

हे पाहून मामेभाऊ वैतागला. "माझ्या साध्या सिमवरून पाठवतो की! कोण विचारतो?" विचारतात. नोंदणीशिवाय जाहिरात आली तर गिऱ्हाईक सात दिवसांत १९०९ वर तक्रार करू शकते. दहा दिवसांत अशा पाच तक्रारी झाल्या की कारवाई सुरू होते: पहिल्या खेपेस त्या माणसाकडून जाणारे फोन व संदेश पंधरा दिवस बंद, पुन्हा तेच घडले तर त्याच्या साऱ्या जोडण्या वर्षभर तोडतात. दुकानाचा फोन वर्षभर मुका, ही कल्पना करूनच मामेभाऊ गप्प झाला.

मग नियमाने मार्ग मोकळा झाला. ज्यांनी १९०९ वर 'जाहिराती नकोत' असे नोंदवले, त्यांचे नंबर चाळणी आपोआप गाळते. उरलेल्यांना संदेश पाठवायला तिची हरकत नाही. मामा खुशीत आले. तेवढ्यात गल्ल्याशी बसलेल्या मामी म्हणाल्या, "अहो, बायकांनी नंबर दिले ते साडी तयार झाली की कळवा म्हणून. दारात निरोप द्यायला आलेल्याने आत शिरून पाटावर बसावे, तसे नाही का हे?"

कोणी काही बोलले नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा मी चाळला होता. ज्या कामासाठी संमती दिली त्या कामापुरतीच माहिती वापरावी, हे त्याचे सूत्र. मामींनी तो वाचलेला नव्हता. त्यांना तो वाचायची गरजही पडली नाही.

तीन हजार नंबरांचा मोह सोडणे मामांना सोपे गेले नाही. रात्रभर विचार करून सकाळी त्यांनी वहीत एक नवे घर आखले: 'कळवू का?' येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते स्वतः विचारू लागले. दसऱ्यापर्यंत चारशेच्या आसपास होकार मिळाले. काही जणींनी "नको हो, आधीच फार येतात," म्हटले. मामांना पहिल्याने लागले. पण नकार देणाऱ्याही साडी घेऊनच गेल्या! नोकर राहील की नाही, हे पाडव्याचा हिशेब सांगेल.

नियमांचा जाच सगळ्यांनाच वाटतो. लहान दुकानदाराला तर अधिकच. पण नीट पाहिले तर त्या जाचामागे एक साधी घरगुती रीत उभी आहे. दार उघडे दिसले म्हणून कोणी थेट माजघरात जात नाही. कडी वाजवावी, "येऊ का?" म्हणावे, आणि आतून "या" आले तरच पायरी चढावी. आपल्या आजीने शिकवलेली ही रीत सरकारला राजपत्रात छापावी लागली, एवढाच काय तो काळाचा फरक!