हे शब्द त्याचेच आहेत

आपल्याकडे पहिलीच्या वर्गापुढे उभे राहायचे तर डी.एड. लागते, नववीच्या वर्गापुढे उभे राहायचे तर बी.एड. लागते, महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकवायचे असेल तर मात्र ‘शिकवावे कसे’ हे शिकून येण्याची अट नाही. पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. एवढ्या शिदोरीवर तरुण प्राध्यापक वर्गात पाऊल टाकतो. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, असे आपण गृहीत धरले आहे. परंतु विहिरीत सुळकी मारणारा प्रत्येक जण दुसऱ्याला पोहायला शिकवू शकतो असे थोडेच आहे?

ही उणीव जुनी आहे आणि ती भरून काढण्याचे प्रयत्नही जुने आहेत. येशूसंघाने १५९९ साली आपल्या शाळा-महाविद्यालयांसाठी जी अध्ययनपद्धती सिद्ध केली, तिच्यात भावी शिक्षकांनी अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली अध्यापनाचा सराव करावा अशी तरतूद होती. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९६२ साली प्राध्यापकांच्या अध्यापन-विकासासाठी स्वतंत्र केंद्र उघडले. आपल्या देशात १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. पुढे त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र असे झाले आणि २०२३पासून ती मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. नावे पालटली, तरी प्राध्यापक मंडळींशी बोलताना ‘बढतीसाठी कोर्स केला’ हेच वाक्य माझ्या कानी अधिक पडते. ‘त्या कोर्सने माझे शिकवणे बदलले’ हे वाक्य क्वचितच ऐकू येते.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे यंत्र जगासाठी खुले झाले आणि ही जुनी उणीव एकाएकी उघडी पडली. पृच्छा करावी आणि क्षणात सुबक निबंध हाती यावा, अशी ही कृत्रिम बुद्धिमत्ता. घरी दिलेल्या निबंधावर गुण देण्याची आपली सारी व्यवस्थाच तिने डळमळीत केली.

गेल्या वर्षी माझ्या धर्मग्रामातील एक प्राध्यापिका निबंधांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली. “फादर, ह्यांतले मुलांनी कोणते लिहिले आणि यंत्राने कोणते, हे मला ओळखता येईनासे झाले आहे,” ती म्हणाली. तिच्या वर्गात एकशे दहा विद्यार्थी. महाविद्यालयाने ‘यंत्राचे लेखन पकडणारे’ दुसरे एक यंत्र आणले होते. त्या यंत्राने एका मुलाच्या इंग्रजी निबंधावर ठपका ठेवला होता आणि शून्य गुण देण्याचे घाटत होते. मुलगा वाडीत राबणाऱ्या कुटुंबातला, घरी कादोडी बोलणारा, महाविद्यालयाची पायरी चढणारा घरातला पहिलाच. चौकशी समितीपुढे तो मान खाली घालून गप्प उभा राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ कबुली असाच घेतला गेला.

“तू त्याच्याशी बोललीस का?” मी विचारले.

ती बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने त्याला समोर बसवले आणि सरळ मराठीत विचारले. निबंधाचा विषय होता गावातील विहिरींचे पाणी. मग तो मुलगा अर्धा तास बोलत होता. आजोबांच्या काळी गोड असलेले पाणी कसे मचूळ झाले, केळीची पाने कडेने कशी करपू लागली, कोणत्या विहिरीवरचा रहाट केव्हा थांबला, हे सारे त्याने हातवारे करून सांगितले. त्याचे इंग्रजी पाठ केलेल्या आखूड, साच्यातल्या वाक्यांचे होते. त्या साच्यालाच यंत्राने यंत्र समजले होते. प्राध्यापिकेने प्राचार्यांना लिहून दिले, “हे शब्द त्याचेच आहेत.” मुलाचे गुण वाचले. त्याच आठवड्यात तिने आणखी एका विद्यार्थ्याला समोर बसवले. त्याचा निबंध निर्दोष होता, पण त्यातील दोन वाक्यांचा अर्थही त्याला सांगता आला नाही. त्याच्यावर मात्र कोणताही ठपका आलेला नव्हता!

हा योगायोग नव्हे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली असे सात शोधक तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी ह्या शोधकांना दिले, तेव्हा सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले गेले. चॅटजीपीटी निर्माण करणाऱ्या ओपनएआय ह्या कंपनीने स्वतःचा शोधकही अचूकतेअभावी त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतला. ज्यांची भाषा गरीब, त्यांच्यावरच संशय अधिक, असा हा न्याय आहे.

सेमिनरीत असताना संत ऑगस्टीन ह्यांचा ‘दे माजिस्त्रो’ अर्थात ‘गुरूविषयी’ हा संवाद आम्ही अभ्यासला होता. ऑगस्टीन स्वतः वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक होते. इ.स. ३८९च्या सुमारास लिहिलेल्या ह्या संवादात त्यांच्याशी बोलतो तो त्यांचा मुलगा आदेओदातुस. हा मुलगा अकालीच वारला. पुढे आपल्या आत्मकथनात ऑगस्टीन देवाला साक्षी ठेवून सांगतात, की त्या संवादात मुलाच्या तोंडी घातलेले सारे विचार खरोखर त्याचेच होते आणि तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता. ही ग्वाही त्यांना देता आली, कारण ते त्याच्यासोबत बसले होते. शिष्याचे शब्द शिष्याचेच आहेत, हे ओळखण्याचे दुसरे साधन तेव्हा नव्हते आणि आजही नाही.

पण एकशे दहा जणांसोबत बसायचे कसे? प्रत्येकी दहा मिनिटे म्हटली तरी अठरा तासांहून अधिक वेळ लागतो. प्राध्यापकाला खरा आधार हवा आहे तो इथे. ‘यंत्र वापरू नका’ असे परिपत्रक काढणे म्हणजे आधार नव्हे, आणि सभागृहात दोनशे जणांना बसवून पडद्यावर यंत्राची स्तुती दाखवणे म्हणजेही नव्हे.

आमच्या प्राध्यापिकेला उपयोग झाला तो एका छोट्या कार्यशाळेचा. तिथे बाराजण होते आणि प्रत्येकाने आपलीच प्रश्नपत्रिका आणली होती. प्रत्येक प्रश्न यंत्राला विचारायचा, उत्तर सर्वांनी मिळून तपासायचे, कुठे चुकले ते शोधायचे आणि मग प्रश्न नव्याने घडवायचा, असा तो उपक्रम होता. ज्या प्रश्नाचे उत्तर यंत्र क्षणात देते, तो प्रश्न आपण इतकी वर्षे का विचारत होतो, असा विचार तिथे बसलेल्यांच्या मनात प्रथमच आला. आता ती सरावाचे प्रश्न, सोपी उदाहरणे आणि कठीण उताऱ्यांचे मराठी टिपण ह्यांचा कच्चा खर्डा यंत्राकडून करून घेते आणि स्वतः तपासून मगच वापरते. विद्यार्थ्यांची नावे वा त्यांचे लेखन ती यंत्राला देत नाही. वाचलेल्या वेळात रोज चार-पाच विद्यार्थ्यांना ती समोर बसवते. सारे एकशे दहा व्हायला सुमारे महिना लागतो, पण होतात.

विद्यार्थ्यांच्या हाती हे साधन कसे द्यावे, ह्यालाही शिक्षकच लागतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी तुर्कस्तानातील सुमारे हजार विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावात ज्यांना चॅटजीपीटीसारखे साधन मोकळे दिले, त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. मात्र साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ते साधन न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. दुसऱ्या गटाच्या साधनात शिक्षकांनी आधीच सूचना घातल्या होत्या, की थेट उत्तर न देता वाट तेवढी दाखवावी. त्या गटाची ही हानी बहुतांशी टळली. साधन तेच, पण त्यात गुरूचे शहाणपण मिसळले होते.

आपल्या समाजाच्या अनेक शिक्षणसंस्था आहेत आणि त्यांच्या विश्वस्त मंडळांवर आपल्यापैकी कित्येकजण बसतात. संगणक-कक्षासाठी तिथे निधी चटकन मंजूर होतो. मी स्वतः अशा एका मंडळावर आहे. येत्या बैठकीत माझी मागणी एवढीच राहील, की प्राध्यापकांच्या वेळापत्रकात आठवड्याला तीन तास केवळ विद्यार्थ्यांशी समोरासमोर बोलण्यासाठी राखून ठेवावेत, दर सत्रात बारा-बारा जणांची कार्यशाळा भरवावी आणि केवळ यंत्राच्या निकालावरून कोणत्याही मुलाला दोषी ठरवू नये. ह्याला पैसा फारसा लागणार नाही. वेळ मात्र लागेल, आणि तो देण्याची तयारी आधी आम्हां विश्वस्तांना दाखवावी लागेल.